मागाजवळचा कंदील : ओगले बंधू व त्यांची 'प्रभाकर' निर्मिती

मनुष्याचा ज्या वस्तूंशी नित्याचा संबंध येतो, त्यांचाच इतिहास त्यास बहुधा ठाऊक नसतो. राजेरजवाड्यांच्या सनावळ्या आपल्या मुलांस तोंडपाठ असतात. परंतु घरातील तांब्या, पाट, जाते किंवा दिवा ह्या वस्तू कोणाच्या बुद्धीतून व कोणाच्या हातांतून आजच्या आकारास आल्या, असे विचारले असता थोरामोठ्यांनाही उत्तर सुचत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका वस्तूची व ती घडविणाऱ्या माणसांची हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. ती वस्तू म्हणजे 'प्रभाकर' कंदील, आणि ती माणसे म्हणजे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचे ओगले बंधू.

कोणी म्हणेल, ओगले हे आपल्या ज्ञातीचे नव्हेत आणि सोलापूरचेही नव्हेत. मग आपल्या स्मरणिकेत त्यांस स्थान का द्यावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर लेखाच्या अखेरीस आपोआप मिळेल अशी आमची उमेद आहे. तूर्त एवढेच सांगतो, की आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या उजेडात रात्री-अपरात्री धोटा फेकला, त्या उजेडाची ही कथा आहे. आणि उजेडास ज्ञाती नसते.

मागाजवळचा उजेड

आमचे लहानपण साखर पेठेतील एका विणकराच्या घरात गेले. घर म्हणजे दोन खणांची जागा. त्यातील एका खणात खड्डामाग, आणि उरलेल्या खणात सारा संसार. दिवसा दाराकडून येणारा प्रकाश मागावर पडेल अशा बेताने माग मांडलेला असे. परंतु सणावाराच्या आधी, लग्नसराईत, अथवा व्यापाऱ्याचा तगादा लागला असता दिवसाचा प्रकाश पुरत नसे. मग दिवेलागण झाली की कंदील निघे.

कंदिलाची व्यवस्था हे मुलांचे काम. काच काढून ती आधी कागदाने व मग बारीक राखेने पुसावयाची, वातीचे जळके टोक कात्रीने सरळ कापावयाचे, नरसाळ्याने रॉकेल भरावयाचे, आणि सांडलेला थेंबन्‌थेंब पुसून घ्यावयाचा. मागावरच्या कापडास रॉकेलचा डाग लागला तर ते कापड व्यापारी घेत नसे. वात वाकडी कापली तर ज्योतीस शिंग फुटे आणि काच एका बाजूने काळी होई. तेवढ्या काळ्या पट्ट्याची सावली नेमकी ताण्यावर पडे, आणि तुटलेला धागा दृष्टीस न पडता चार बोटे कापड वाया जाई. म्हणून कंदिलाची काच पुसणे हे आमच्या घरी देवपूजेइतक्या काळजीचे काम होते. आई कांड्या भरीत त्याच उजेडाच्या कडेला बसे. आमचे थोरले चुलते जॅकार्डच्या नकशा काढीत. तेही आपला चौकटीचा कागद घेऊन त्याच उजेडाकडे सरकत. एका कंदिलाभोवती तीन जणांची रोजी चाले.

त्या कंदिलाच्या टाकीवर 'प्रभाकर' असा ठसा होता. प्रभाकर म्हणजे सूर्य, एवढे आम्हांस शाळेत कळले. परंतु हे नाव एका मनुष्याचेही आहे, हे कळावयास फार वर्षे लागली.

कंदिलापूर्वीचे दिवे

आपल्या प्रांती पूर्वी दिवा म्हणजे तेल आणि वात. देवापुढे समई व निरांजन, उंबऱ्यावर पणती, मिरवणुकीस मशाल. सोलापूर जिल्हा करडईचा. तेव्हा येथल्या दिव्यांत पुष्कळदा करडईचेच तेल जळे. हा उजेड डोळ्यांस शीतल खरा. परंतु त्यात सुईत दोरा ओवणेही कठीण, मग मागावरील बारीक काम कोठले! शिवाय वाऱ्याची झुळूक आली की दिवा मालवे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशांतून खनिज तेल येऊ लागले. आपण त्यास रॉकेल म्हणू लागलो. हे तेल पातळ असल्याने वातीतून भराभर वर चढते व प्रखर जळते. पण उघडे जाळले तर धूरही तितकाच करते. गरिबांच्या घरी पत्र्याची चिमणी आली ती ह्याच तेलावर. तिला काच नसे, त्यामुळे सकाळी घरातल्या माणसांच्या नाकातोंडात काजळी भरलेली असे. ह्या तेलाचा खरा उपयोग व्हावयाचा तर ज्योतीस भरपूर हवा मिळाली पाहिजे, परंतु वारा लागता कामा नये, असा हा परस्परविरोधी पेच होता.

हा पेच अमेरिकेत सुटला. १८७० च्या आगेमागे जॉन अर्विन नावाच्या कल्पक माणसाने नळ्यांचा कंदील शोधून काढला आणि न्यूयॉर्कच्या डीट्झ कंपनीने तो जगभर नेला. कंदिलाच्या दोन्ही बाजूंस ज्या पोकळ नळ्या असतात, त्या केवळ काच सांभाळण्यासाठी आहेत असा आमचा बालपणी समज होता. तसे नव्हे. ज्योतीची उष्ण हवा वर चढते, त्या ओढीने वरच्या भागातील हवा नळ्यांतून खाली उतरते व बर्नरखाली जाऊन ज्योतीस मिळते. काही कंदिलांत ह्या नळ्यांतून ज्योतीवरून आलेली गरम हवाच पुन्हा फिरते, तर काहींत बाहेरची ताजी हवा घेण्याची योजना असते. दुसऱ्या प्रकारचा उजेड अधिक शुभ्र पडतो. बाहेर सोसाट्याचा वारा सुटला तरी ज्योतीपर्यंत पोहोचणारी हवा ह्या वाटांनी मवाळ होऊनच येते, आणि ज्योत हलत नाही. म्हणून ह्या कंदिलास वादळाचे नाव मिळाले. हवेची वाट तीच दिव्याची चौकट. ज्यात एकही भाग केवळ शोभेचा नाही अशी ही वस्तू आहे.

हे कंदील अमेरिकेतून व जर्मनीतून हिंदुस्थानात येत. बैलगाडीच्या जूखाली, स्टेशनमास्तराच्या हाती, पंढरीच्या वाटेवरील दिंडीत, राखणीच्या माळ्यावर सर्वत्र परदेशी कंदील दिसू लागला. काच फुटली तरी तीही परदेशचीच घ्यावी लागे. आपल्या घरातील अंधार घालविण्यासाठी आपण दुसऱ्याच्या दारात उभे होतो.

पैसाफंडाची शाळा

१९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची लाट उसळली. परदेशी मालाची होळी करणे सोपे होते. त्या मालाच्या जागी आपला माल ठेवणे कठीण होते. ही अडचण ओळखणाऱ्यांपैकी अंताजी दामोदर काळे हे एक होत. प्रत्येक माणसाने वर्षास एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योग उभा करावा, अशी त्यांची साधी कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. त्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. जपानात व अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे त्याचे चालक झाले.

तळेगावचा कारखाना ही केवळ माल काढण्याची जागा नव्हती. तेथे तरुणांस काच करावयास शिकवीत. भट्टी कशी लावावी, मिश्रण कसे करावे, फुंकनळी कशी धरावी हे तेथे शिकलेले लोक पुढे ठिकठिकाणी गेले आणि देशात काचकारखाने उभे करण्यास कारण झाले. एकेका पैशातून उभारलेल्या शाळेचे हे फळ पाहिले म्हणजे आपल्या संघाच्या शिष्यवृत्ती-निधीस दरवर्षी अकरा रुपये देताना कपाळास आठी घालणाऱ्यांनी थोडा विचार करावा, असे आम्हांस नम्रपणे वाटते.

श्रीपाद प्रभाकर ओगले हे तळेगावच्याच विद्येचे पाईक. सुशिक्षित घरातील मुलाने सरकारी नोकरी धरावी, निदान वकिली करावी, असा तो काळ होता. भट्टीपुढे घाम गाळणे, हातास फोड आणणे, कामगारांच्या खांद्यास खांदा लावून नळी फुंकणे ह्यास प्रतिष्ठा नव्हती. श्रीपादरावांनी ते पत्करले. त्यांचे बंधू गुरुनाथ प्रभाकर ओगले ह्यांची बुद्धी यंत्रविद्येत चालणारी. एकाची काच आणि दुसऱ्याचे यंत्र ह्यांच्या संयोगातून पुढील सारी निर्मिती झाली.

ओगलेवाडी

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जम ह्या देशांतून येणारी काच एकाएकी बंद झाली. बाटल्या, बरण्या, दिव्यांच्या काचा मिळेनाशा झाल्या. ह्याच काळात, १९१६ च्या सुमारास, ओगले बंधूंनी कऱ्हाडच्या रेल्वे स्टेशनाजवळ आपला काचकारखाना उभारला. जड मालाच्या धंद्यास रेल्वे जवळ असणे हे निम्मे भांडवल होय. कारखान्याभोवती वस्ती झाली आणि त्या वस्तीस ओगलेवाडी हे नाव पडले.

त्यांस औंध संस्थानाचा आश्रय लाभला. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि कलावस्तूंचे मर्मज्ञ. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ह्याच संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली होती. किर्लोस्करांचा व आपल्या सोलापूरचा ऋणानुबंध जुना आहे. लक्ष्मणरावांचे बंधू डॉ. वासुदेवराव सोलापुरात वैद्यकी करीत. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव ह्यांचा जन्म १९०३ साली सोलापुरातच झाला. लक्ष्मणराव स्वतः मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले होते. काही रंग ओळखू येत नाहीत असे आढळल्यामुळे त्यांनी रंगचित्र सोडून यांत्रिक रेखाटनाचा मार्ग धरला. चित्राची दृष्टी आणि यंत्राची रेषा एका ठिकाणी आल्यावर लोखंडी नांगर जन्मास आला. एका छोट्या संस्थानात अशी दोन उद्योगगावे वसावी, ह्याचे श्रेय कारागिरीची बूज राखणाऱ्या राजाकडेही जाते.

ओगल्यांनी आधी काच केली, मग कंदील. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. कंदिलातील सर्वांत नाजूक भाग काच. पत्र्याचा सांगाडा वर्षानुवर्षे टिकतो, पण काच मुलाच्या हातून निसटते, पावसाचा थेंब पडून तडकते, मांजराच्या शेपटीनेही फुटते. ज्याच्या घरी काच होते त्यानेच कंदील करावा, ही ओगल्यांची दृष्टी व्यापाऱ्याची तशीच गृहस्थाचीही होती.

श्वास आणि साचा

कंदील करणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांपैकी मागावर बसलेल्यांस चटकन उमगेल. वाळू, सोडा आणि चुना ह्यांचे मिश्रण भट्टीत चौदाशे-पंधराशे अंश उष्णतेवर वितळवितात. लोखंडी नळीच्या टोकावर त्या रसाचा गोळा घेऊन त्यात फुंकर मारतात व तो साच्यात फुगवितात. आकार घेतलेली काच तशीच उघड्यावर ठेवली तर बाहेरून आधी निवते, आत ताण राहतो, आणि ती पुढे केव्हाही, विनाकारण वाटावे अशी, फुटते. म्हणून ती दुसऱ्या भट्टीत हळूहळू निववावी लागते. कंदिलाच्या काचेची कसोटी तर अधिकच कठीण. आतून ज्योतीची धग आणि बाहेरून पावसाची सर एकाच वेळी तिने सोसली पाहिजे. मग दोन्ही तोंडे कापून त्यांच्या कडा गुळगुळीत करावयाच्या.

दुसरीकडे पत्र्याचे काम. टाकी, बर्नर, वात वरखाली करणारी दातेरी चकती व तिची चावी, नळ्या, टोपी, तारेचा पिंजरा, हातात धरावयाची कडी; प्रत्येक भागास निराळा ठोकसाचा. दाबयंत्राखाली हजारो भाग एकाच मापाचे निघतात. टाकीचा सांधा सुईच्या अग्राएवढा सुटला तरी तेल पाझरते. म्हणून प्रत्येक टाकीची परीक्षा करावी लागते.

आता ह्यातील खरी मेख पाहा. पत्रा साच्यातून निघतो, त्याचे माप ठरलेले. काच माणसाच्या श्वासातून निघते. तिच्या मापात केसभर फरक व्हावयाचाच. हे दोन एकमेकांत बसावयाचे कसे? ह्या जातीच्या कंदिलाची वरची टोपी स्प्रिंगवर बसविलेली असते. ती काचेस वरून हलकेच दाबून धरते. काच किंचित आखूड असो वा लांब, ती सैल पडत नाही अथवा दडपून फुटत नाही. यंत्राने माणसाच्या श्वासाचे मन राखले आहे! ताण्यास दर वेळी सारखा ताण देणाऱ्या विणकरास ह्या युक्तीचे मोल सांगावयास नको.

कोणी म्हणेल, कंदिलाचे तत्त्व अमेरिकेचे. मग ओगल्यांनी नवे काय केले? ह्या आक्षेपाचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. जॅकार्डचे यंत्रही फ्रान्समधील लियाँ शहरचे. १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्डने ते सिद्ध केले. म्हणून आपली सोलापुरी चादर फ्रेंच ठरते काय? तत्त्व कोणाचेही असो, ते आपल्या भट्टीत, आपल्या वाळूत, आपल्या कामगाराच्या हातात उतरविणे आणि आपल्या गरिबास परवडेल अशा रूपाने घरोघरी पोहोचविणे, हे स्वतंत्र बुद्धीचे काम आहे. पाहून करणे आणि समजून करणे ह्यांत फार अंतर आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांस येथे नमूद करावीशी वाटते. काचेच्या कामात फुंकनळी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते. एक जण रस उचलून पहिली फुंकर घालतो, दुसरा तीच नळी तोंडास लावून आकार देतो. ज्या काळी पाण्याच्या भांड्यासही विटाळ होत असे, त्या काळी हा धंदा आपल्या देशात रुजला. वितळलेली काच कोणाच्या सोवळ्याओवळ्यासाठी थांबत नाही. ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहिताना ही गोष्ट सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. उलट ती येथेच सांगितली पाहिजे असे वाटते.

नावाची गोष्ट

१९२० नंतरच्या दशकात ओगल्यांचा कंदील महाराष्ट्राच्या घराघरात शिरू लागला. त्यास नाव काय द्यावे? बंधूंनी स्वतःचे नाव दिले नाही. त्यांनी पित्याचे नाव दिले : प्रभाकर. सूर्य मावळल्यावर त्याची जागा घेणाऱ्या दिव्यास सूर्याचेच नाव मिळाले आणि त्याच वेळी पितृऋणही फिटले. नाव देण्यातील हे औचित्य आम्हांस कोणत्याही जाहिरातीहून मोठे वाटते.

तो काळ स्वदेशीच्या कसोटीचा होता. मे १९३० मध्ये आपल्या सोलापुरावर लष्करी कायदा आला. त्यानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे चार वीर फासावर गेले. त्या दिवसांत घरात कोणता कापड-चोपड आहे आणि कोणता दिवा जळतो, ह्यासही अर्थ होता. स्वदेशीचे व्रत घेतलेल्या गृहिणीस परदेशी कंदिलाच्या उजेडात चरखा फिरविण्याची नामुष्की आता पत्करावी लागत नव्हती.

सरकारचे धोरण मात्र निराळे होते. काचधंद्यास संरक्षण द्यावे की नाही, ह्याची चौकशी टॅरिफ बोर्डाने केली आणि १९३२ साली संरक्षणाच्या बाजूने शिफारस केली. सरकारने १९३५ साली ती अमान्य केली. कारण काय, तर काचेस लागणारा सोडा ह्या देशात होत नाही! वाळू येथली, चुना येथला, कामगार येथले, गिऱ्हाईक येथले. एक सोडा तेवढा परदेशचा, म्हणून सारा धंदाच परका ठरला. सोड्यावरील जकातीत काही सूट देण्यात आली, एवढेच. अशा स्थितीतही ओगलेवाडीच्या भट्ट्या जळत राहिल्या.

जगाच्या पाठीवर

ह्याच सुमारास युरोपात एक नवा पेशा आकार घेत होता. पेटर बेरेन्स हे मूळचे चित्रकार. १९०७ साली बर्लिनच्या ए. ई. जी. ह्या विजेच्या कंपनीने त्यांस कलाविषयक सल्लागार नेमले, आणि त्यांनी दिवे, किटल्या, पंखे ह्यांना रूप दिले. १९२४ साली वायमार येथील बाउहाउस ह्या शाळेत विल्हेल्म वागेनफेल्ड ह्या तरुणाने काचेचा व धातूचा टेबलावरील दिवा केला. तो दिवा पुढे जगप्रसिद्ध झाला. पुढे वागेनफेल्ड ह्यांनी काचकारखान्यांत काम केले आणि सामान्य घरात वापरावयाची चहादाणी, बरण्या, पेले ह्यांची रचना केली. गृहोपयोगी वस्तू व दिवे घडविणारा 'अभिकल्पक', म्हणजे आज ज्यास डिझायनर म्हणतात तो, तिकडे नावानिशी ओळखला जाऊ लागला. त्याच्या नावाने ग्रंथ निघाले, त्याच्या वस्तू संग्रहालयांत गेल्या.

वायमारचा दिवा दिसावयास यंत्राचा, परंतु घडविला जाई हाताने. म्हणून तो महाग पडे व सामान्यांच्या घरी प्रथम पोहोचला नाही. ओगलेवाडीचा दिवा मात्र त्याच दशकात झोपडीपर्यंत पोहोचला. ही तुलना आम्ही कोणास कमी लेखण्यासाठी करीत नाही. दोन्ही ठिकाणी विचार एकच होता, की रोजच्या वापराची वस्तू ही बुद्धिमंतांच्या लक्षास पात्र आहे. फरक एवढाच, की त्यांनी आपल्या कारागिराचे नाव लिहून ठेवले आणि आपण ठेवले नाही.

स्वातंत्र्यानंतर ह्या विद्येकडे आपल्या देशाचे लक्ष गेले. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य येथे आले. १९५८ साली त्यांनी अहवाल सादर केला. ह्या देशातील सर्वांत सुंदर वस्तूंपैकी एक म्हणून त्यांनी कशाचा गौरव केला असेल? आपल्या तांब्याचा! हातात, डोक्यावर, कमरेवर धरता येईल, पाणी नेमके ओतता येईल, आतून घासता येईल, अशा त्याच्या आकाराचा त्यांनी बारकाईने विचार केला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनाम हातांनी तो आकार घडविला होता. त्या अहवालातून १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय संस्था निघाली. पुढे १९६९ साली मुंबईस पवईच्या आय. आय. टी.त औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले. जर्मनीतील उल्म येथे शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी हे त्याचे संस्थापक. आज महाराष्ट्रातील मुले ही विद्या पदवीपर्यंत शिकू शकतात.

आमची चूक आणि आमची विनंती

गावोगाव वीज आली आणि कंदील खुंटीवर गेला. ओगलेवाडीचा कारखानाही पुढे बंद पडला. ज्या गावास कारखान्याने नाव दिले, तेथे आता नाव उरले, भट्टी उरली नाही. उद्योगांचे जीवित माणसांप्रमाणेच मर्यादित असते. त्याबद्दल शोक करण्यात अर्थ नाही. परंतु ओगले हे नाव निदान राहिले. ते नकाशावर आहे, ते स्टेशनाजवळच्या पाटीवर आहे, आणि प्रभाकर हे नाव अजूनही जुन्या घरांतील माळ्यावर, गंजलेल्या टाकीवर वाचता येते.

आता आम्ही आमच्या घराकडे वळतो. ज्या चुलत्यांचा उल्लेख वर केला, ते चाळीस वर्षे जॅकार्डच्या नकशा काढीत होते. मोर, कमळ, वेलबुट्टी काय हवी ती मनात धरून ते चौकटीच्या कागदावर एकेक चौकट भरीत. एक चौकट म्हणजे एक धागा उचलावयाचा की खाली ठेवावयाचा, ह्याचा निर्णय. त्यावरून पुठ्ठ्यास भोके पडत, पुठ्ठे ओवून मागावर चढत, आणि मग मागावर मोर उतरे. एक चौकट चुकली तर मोराचा डोळा प्रत्येक चादरीवर चुके. व्यापारी येत, नकशी पसंत करीत, पैसे देत व जात. चादरीवर व्यापाऱ्याची चिठ्ठी लागे. चुलत्यांचे नाव कोठेच नसे, आणि असावे असे त्यांस किंवा आम्हांसही कधी वाटले नाही.

त्यांच्या पश्चात त्यांची पत्र्याची पेटी उघडली. आत चौकटीच्या कागदांच्या गुंडाळ्या होत्या. कित्येकांच्या कडेस त्यांच्या अक्षरात तारीख व पोतांचा हिशेब होता, आणि काहींवर रॉकेलचे पिवळे डाग होते. जागा अपुरी, घरात लग्न जवळ आलेले. आम्ही स्वतः त्या गुंडाळ्या उचलून रद्दीवाल्याच्या तराजूत टाकल्या. वजनाचे जे काय पैसे आले, त्यांत लग्नाची सुपारी आली असेल. त्या वेळी आम्ही शिकलेसवरलेले, चार लोकांत मान असलेले गृहस्थ होतो. आपल्या हातांनी आपल्या घरचा अभिकल्पक आपण रद्दीत विकला, हे आम्हांस ओगले बंधूंविषयी वाचू लागल्यावर कळले. तोवर उशीर झाला होता.

२००५-०६ साली सोलापुरी चादर व सोलापुरी टेरी टॉवेल ह्यांस भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. सोलापूरच्या नावास कायद्याचे संरक्षण मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु गावाचे नाव राहिले आणि माणसांची नावे गेली, तर तो इतिहास अर्धाच राहील. चादरीवरचा तो मोर प्रथम कोणी काढला? अमुक वेलबुट्टी कोणत्या घरातून निघाली? हे सांगू शकणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. ती गेल्यावर हे प्रश्न विचारावयास कोणी राहणार नाही.

म्हणून आमची ज्ञातिबांधवांस व भगिनींस दोन कळकळीच्या विनंत्या आहेत. पहिली अशी, की ज्यांच्या घरी नकशीचे जुने कागद, पुठ्ठे, नमुन्याचे तुकडे असतील, त्यांनी ते टाकू नयेत. ते कोणी काढले, केव्हा काढले, कोणत्या मागावर चढले, एवढे तरी वडीलधाऱ्यांस विचारून त्यांच्या पाठीवर लिहून ठेवावे आणि संघाच्या कार्यालयास कळवावे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीइतकीच ठळक अशी नकशीकारांची यादी छापली जावी, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे ठेवीत आहोत. दुसरी विनंती अशी, की वस्तू घडविण्याची विद्या शिकू इच्छिणारा मुलगा अथवा मुलगी आपल्या शिष्यवृत्तीसाठी आली, तर 'चित्रे काढून का पोट भरते?' असे विचारून तिला परत पाठवू नये. आपल्या सर्वांची पोटे तीन पिढ्या चित्रे काढूनच भरली आहेत.

लेखाच्या आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता मिळाले असेल. ओगले आपल्या ज्ञातीचे नव्हते. पण त्यांनी दिलेल्या उजेडात आपली माणसे काम करीत होती. त्या उजेडात आपल्याला कापड दिसले, मोर दिसला, तुटलेला धागा दिसला. कागदावर वाकलेला माणूस मात्र आपल्याला दिसला नाही. तो अजूनही दिसू शकेल. आपल्या माळ्यावरची पेटी एकदा उघडून पाहावी, एवढेच आमचे सांगणे आहे.